अ‍ॅनफिल्डवर गाणारे कोण उरणार?

बंदरकाठ

शनिवारची फुटबॉल मॅच आम्ही, म्हणजे लिव्हरपूलने, आमच्या मैदानावर जिंकली. कॉपच्या, म्हणजे गोलमागच्या प्रेक्षक-उताराच्या, जिन्यावरून उतरताना माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते. शेजारच्याला ते एवढंच म्हणाले, "आज आवाज नव्हता." शेजाऱ्याने नुसती मान हलवली. तीन गोल झाले होते, त्यांच्याबद्दल दोघांपैकी कोणीच काही बोललं नाही. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

लिव्हरपूलला येऊन मला अकरा वर्षं झाली. क्लबवर आधीपासून प्रेम होतं, शहरावर इथे आल्यावर जडलं. 'खेळात राजकारण आणू नका' असं मला अधूनमधून ऐकवलं जातं. इथे राहून मला उलटंच दिसलं. या क्लबच्या दाराशी राजकारण आपल्या पायांनी चालत आलं, आणि लोकांनी त्याला गाऊन उत्तर दिलं.

मुळात हा क्लब जन्मला तोच भाड्याच्या भांडणातून. अ‍ॅनफिल्डवर आधी एव्हर्टन हा शहरातला दुसरा क्लब खेळायचा. मैदान जॉन होल्डिंग यांच्या हातात होतं. ते बिअरच्या कारखान्याचे मालक आणि हुजूर पक्षाचे पुढारी, १८९७ मध्ये शहराचे लॉर्ड मेयरही झाले. भाडं आणि मालकी यांवरून फाटलं, १८९२ मध्ये एव्हर्टन स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे गुडिसन मैदानावर निघून गेला, आणि रिकाम्या मैदानासाठी होल्डिंगनी नवा क्लब काढला. तो आमचा.

कॉप हे नावही युद्धातून आलेलं. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात स्पायन कॉप नावाच्या टेकडीवर लँकेशरच्या पलटणींची माणसं मोठ्या संख्येने मारली गेली. १९०६ मध्ये गोलमागे उंच उतार बांधला तेव्हा त्याला त्या टेकडीचं नाव पडलं. त्याच टेकडीवरून जखमींना डोलीत घालून खाली आणणाऱ्यांत गांधीजींचं भारतीय पथक होतं. हे वाचलं त्या दिवसापासून कॉपमध्ये उभा राहिलो की त्या डोल्या आठवतात.

आता गाण्याचं. 'यू विल नेव्हर वॉक अलोन' हे १९४५ च्या एका अमेरिकन संगीत नाटकातलं पद. नवरा गेलेल्या बाईला धीर देण्यासाठी ते म्हटलं जातं. १९६३ मध्ये लिव्हरपूलच्याच 'गेरी अँड द पेसमेकर्स'ने ते नव्याने गायलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. मॅचआधी मैदानावर त्या आठवड्यातली लोकप्रिय गाणी वाजवायची पद्धत होती. जुने लोक सांगतात की गाणं यादीतून उतरलं आणि भोंग्यावरून वाजेनासं झालं, तरी कॉपने म्हणायचं सोडलं नाही. म्हणजे ते गाणं क्लबने लोकांना दिलेलं नाही, लोकांनी ते ठेवून घेतलं. मला हा फरक फार मोठा वाटतो.

दुसरा प्रवाह आयर्लंडचा. १८४७ या एका वर्षात दुष्काळातून पळालेले सुमारे तीन लाख आयरिश लोक या बंदरात उतरले. पुष्कळ पुढे अमेरिकेला गेले, ज्यांच्याकडे पैसे नव्हते ते इथेच राहिले. टी. पी. ओ'कॉनर नावाचे आयरिश राष्ट्रवादी पुढारी १८८५ ते १९२९ सलग इथल्या 'स्कॉटलंड' नावाच्या मतदारसंघातून खासदार होते, इंग्लंडच्या भूमीवरून! आम्ही आज जुने प्रशिक्षक शँकली आणि जुने खेळाडू डॅल्ग्लिश यांचं जे गाणं म्हणतो त्याची चाल दुष्काळावरच्या एका आयरिश गाण्याची आहे.

आणि मग १९८१. मे महिन्यात पॅरिसमध्ये रेआल माद्रिदला १-० हरवून आम्ही तिसऱ्यांदा युरोपियन कप जिंकलो. जुलैमध्ये शहरातली टॉक्सटेथ वस्ती दंगलीत पेटली. कंटेनर आल्यापासून गोदीतली कामं आटत चालली होती, कारखाने बंद पडत होते, काळ्या तरुणांना पोलीस रोज अडवत होते. त्या उन्हाळ्यात अर्थमंत्री जेफ्री हाऊ यांनी पंतप्रधान थॅचरबाईंना लिहिलं की या शहरावर फार पैसा ओतू नये, त्याची उतरती कळा 'हाताळत' राहण्याचा पर्याय सोडून देऊ नये. ते कागद डिसेंबर २०११ मध्ये खुले झाले. आपलं शहर मरू द्यावं का, असा विचार राजधानीत लेखी झाला होता, हे इथल्या माणसाने तीस वर्षांनी वाचलं. त्याला आता कोणत्या तोंडाने सांगायचं की मॅचला येताना राजकारण घरी ठेव?

१५ एप्रिल १९८९, शेफील्डचं हिल्सबरो मैदान, आमची कपची उपांत्य फेरी. मॅच बघायला गेलेली ९७ माणसं गर्दीत चिरडून गेली. शेवटचा मृत्यू २०२१ मध्ये, त्याच दिवशीच्या दुखापतींनी झाला. चौथ्या दिवशी 'द सन' या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर मेलेल्यांच्याच साथीदारांवर चोरीचे आणि त्याहून घाण आरोप छापले. इथे आजही तो पेपर विकत न घेणारी घरंच्या घरं आहेत. १९९१ च्या चौकशीत 'अपघाती मृत्यू' असा निकाल लागला. तो पुसून 'बेकायदा मारले गेले' हे शब्द मिळवायला २६ एप्रिल २०१६ उजाडला. सत्तावीस वर्षं. त्या दिवशी कोर्टाबाहेर त्या घरच्या लोकांनी हेच गाणं म्हटलं.

आता माझा मुद्दा. हिल्सबरोनंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालाने मोठ्या मैदानांवर सर्वांना खुर्च्या द्यायला सांगितल्या. १९९४ मध्ये उभं राहायचा कॉप गेला. एके काळी २८,००० माणसं मावायची, आता १३,००० च्या आत. त्याबद्दल तक्रार नाही, माणसं मेली होती. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती: जे उभं राहायचे पैसे देतात त्यांच्या खिशाला परवडतील अशा स्वस्त खुर्च्या ठेवता यायला हव्यात. उदाहरण ग्लासगोच्या आयब्रॉक्सचं दिलं होतं, उभं राहायला ४ पौंड, बसायला ६ पौंड. खुर्च्यांचं सगळ्यांनी ऐकलं, दराचं कोणीच नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये नव्या मेन स्टँडसाठी ७७ पौंडांचं तिकीट जाहीर झालं. संडरलँडविरुद्ध २-० पुढे असताना ७७ व्या मिनिटाला हजारो माणसं उठून चालू लागली. मीही उठलो. बाहेर रस्त्यावर असताना संडरलँडने दोन्ही गोल फेडले. चार दिवसांत मालकांनी माफी मागून तो दर मागे घेतला.

गाणं शिकवून येत नाही. शेजारी बाप, मागे काका, पुढे गल्लीतली पोरं असली की ते आपोआप तोंडात बसतं. ती माणसं दराने बाहेर गेली की मैदान भरेल, आवाज भरणार नाही. मी स्वतः पगारदार, बाहेरून आलेला, सहकारी कामाच्या पाळीवर असेल तेव्हा त्याच्या जागेवर जाणारा. मी जिथे उभा असतो तिथे कदाचित अ‍ॅनफिल्डमधल्याच एखाद्या पोराने असायला हवं होतं. हे मला मनापासून टोचतं.

तुम्हाला काय वाटतं?

राखीव_खेळाडू

लेख मन लावून वाचला. पण एक गोष्ट खटकली, स्पष्टच लिहितो. एवढा इतिहास आला, हायझेलवर एक ओळ नाही. २९ मे १९८५, ब्रसेल्सचं हायझेल मैदान. लिव्हरपूलचे लोक युव्हेंटस या इटालियन क्लबच्या प्रेक्षकांच्या बाजूला धावून गेले, पळणाऱ्या गर्दीच्या भाराने भिंत कोसळली, ३९ माणसं मेली, त्यांत बहुतेक इटालियन. बेल्जियमच्या कोर्टाने १९८९ मध्ये चौदा जणांना सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं. इंग्लिश क्लबांवर युरोपात पाच वर्षांची बंदी आली, लिव्हरपूलवर सहा. मैदान पडकं होतं हे खरं, पण धावून गेले ते तुमचेच लोक.

आपल्यावरचा अन्याय आठवायचा आणि आपल्या हातून झालेलं वगळायचं, याला मी इतिहास म्हणत नाही. म्हणूनच मला खेळ आणि राजकारण वेगळं ठेवावंसं वाटतं. राजकारण आलं की प्रत्येक जण सोयीचं तेवढंच आठवतो.

बंदरकाठ

राखीव_खेळाडू, तुमचं बरोबर आहे. वगळायला नको होतं. शहराच्या दुःखाबद्दल लिहिताना लेखणी तिकडेच धावली, आणि ज्या ३९ घरांना आमच्यामुळे दुःख झालं ती मागे राहिली. त्याची लाज वाटते.

अ‍ॅनफिल्डवर त्यांच्या स्मृतीचा फलक आहे. २००५ मध्ये युव्हेंटसशी इतक्या वर्षांनी पहिली गाठ पडली, तेव्हा कॉपने रंगीत कागद धरून 'आमिचित्सिया' हा मैत्रीचा इटालियन शब्द उभा केला. पलीकडे काहींनी टाळ्या वाजवल्या, पुष्कळांनी पाठ फिरवली. पाठ फिरवायचा त्यांना पूर्ण हक्क होता.

मात्र तुमचा निष्कर्ष मला पटत नाही. सोयीचं आठवणं हा दोष असेल, तर गैरसोयीचंही आठवायला लागायचं. सगळंच विसरून कसं चालेल?

निळी_बाजू

मी एव्हर्टनचा. तरी हा धागा माझाही आहे असं समजून लिहितो.

हिल्सबरो फक्त लाल घरांत घडलं नाही. इथे एकाच घरात एक भाऊ लाल, एक निळा असतो. त्या शनिवारी आमचीही उपांत्य फेरी होती, बर्मिंगहॅमला नॉर्विचशी. आम्ही जिंकलो. जुनी माणसं सांगतात, परतीच्या बसमध्ये कोणी गायलं नाही. आठवड्याने गुडिसनपासून अ‍ॅनफिल्डपर्यंत स्टॅन्ली पार्कातून स्कार्फांची साखळी बांधली, निळा, लाल, निळा, लाल. त्यानंतर लिव्हरपूलची पहिली स्पर्धात्मक मॅच आमच्याच मैदानावर झाली, ०-०.

दुसरं, भूक. २०१५ पासून दोन्ही क्लबांचे लोक मिळून मॅचच्या दिवशी मैदानाबाहेर फूड बँकेसाठी धान्य गोळा करतात. भुकेला क्लबाचा रंग नसतो, हे त्यांचं घोषवाक्य. मीही कधीतरी डबे उतरवायला जातो. त्यांच्यातलेच इयन बर्न २०१९ मध्ये खासदार झाले. आता कोणी म्हणावं की हे राजकारण आहे आणि हे नाही?

गुडिसनवर पुरुष संघाची शेवटची मॅच १८ मे २०२५ रोजी झाली. नवं मैदान ब्रॅम्ली-मूर गोदीत, नदीकाठी. देखणं आहे. पण २०२१ मध्ये युनेस्कोने शहराचा जागतिक वारशाचा दर्जा काढला, त्याच्या कारणांत हे मैदानही होतं. ज्या गोदीत कामगार राबले तिथे आता मॅच होते, हे मला आवडतं. गुडिसनच्या लाकडी खुर्चीची उणीव मात्र रोज जाणवते.

मेधा_आर

बंदरकाठ, हिल्सबरोचा परिच्छेद वाचताना डोळे भरून आले.

मी इथल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. पहिल्याच आठवड्यात वाट बघणाऱ्यांच्या टेबलावर कोणीतरी 'तो' पेपर ठेवून गेलं होतं. सफाईचं काम करणाऱ्या एक आजी आल्या, त्यांनी तो काही न बोलता उचलला आणि कचऱ्यात टाकला. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बाळ, इथे नाही." तेवढंच. पुढचं सगळं मी नंतर वाचून समजून घेतलं.

वंशाचा विषय तुम्ही टॉक्सटेथपाशी उघडलात आणि तिथेच सोडलात. मला त्याबद्दल बोलायचंय. हॉवर्ड गेल, टॉक्सटेथमध्ये जन्मलेला, लिव्हरपूलकडून खेळलेला पहिला काळा खेळाडू. साल १९८०. क्लब १८९२ चा, आणि शहरातली काळी वस्ती त्याच्याही आधीची! एप्रिल १९८१ मध्ये म्युनिकला बायर्नविरुद्ध डॅल्ग्लिश जखमी झाल्यावर हा उतरला आणि त्यांच्या बचावाची त्याने दाणादाण उडवली. २०१६ मध्ये राजघराण्याकडून मिळणारा एमबीई सन्मान त्याने नाकारला. गुलामगिरीत आणि साम्राज्यात चिरडले गेलेल्या पूर्वजांचा तो विश्वासघात ठरेल, असं त्याचं म्हणणं. हे शहर गुलामांच्या व्यापारावर श्रीमंत झालं, तो इतिहास सांगणारं संग्रहालय अल्बर्ट डॉकवर आहे.

१९८७ मध्ये जॉन बार्न्स हा काळा खेळाडू आपल्याकडे आला, त्या हंगामात त्याच्यावर केळी फेकली गेली. आणि २०११ मध्ये आपल्या सुआरेझने मँचेस्टर युनायटेडच्या एव्हरा या काळ्या खेळाडूला वंशावरून बोलल्याचं प्रकरण झालं, तेव्हा आपला संघ सुआरेझचे टी-शर्ट घालून उतरला. तेव्हा आपल्या संघात असलेल्या जेमी कॅरागरने २०१९ मध्ये एव्हराची जाहीर माफी मागितली. ती मला गोलाइतकीच महत्त्वाची वाटली. माझा मुलगा सावळा आहे आणि लाल जर्सी घालून शाळेत जातो, म्हणून हे लिहिलं.

गोदीवाला

जहाजाच्या धंद्यात सव्वीस वर्षं काढली, त्यामुळे गोदीबद्दल दोन शब्द.

१९९५ मध्ये इथल्या सुमारे पाचशे गोदी कामगारांची नोकरी गेली. दुसऱ्यांच्या संपाची रांग ओलांडायला त्यांनी नकार दिला, एवढाच गुन्हा. लढा १९९८ पर्यंत चालला. अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या गोदी कामगारांनी त्यांच्यासाठी काम थांबवलं. इथल्या वर्तमानपत्रांत मात्र फार थोडं छापून यायचं.

मार्च १९९७, नॉर्वेच्या ब्रान क्लबविरुद्ध लिव्हरपूलच्या रॉबी फाउलरने गोल केला आणि जर्सी वर केली. आत गोदी कामगारांच्या पाठिंब्याचा टी-शर्ट, त्यातली दोन अक्षरं एका प्रसिद्ध कपड्यांच्या ब्रँडच्या चिन्हासारखी केलेली. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, २,००० स्विस फ्रँक दंड केला. चारच दिवसांनी आर्सेनलविरुद्ध पंचाने त्याला पेनल्टी दिली, तेव्हा याने हात हलवून 'मला कोणी पाडलं नाही' असं सांगितलं. पंचाने ऐकलं नाही ते वेगळं. टॉक्सटेथचा पोरगा. खरं ते खरं म्हणायचं, दंड झाला तर भरायचा, असं मी त्याच्याकडून घेतलं.

अनुष्का_के

सगळे प्रतिसाद वाचतेय. एक प्रश्न, राष्ट्रगीत लागलं की लिव्हरपूलवाले हुर्यो का करतात? मे २०२३ मध्ये राज्याभिषेकाच्या दिवशी ऐकलं, मला धक्का बसला होता.

बंदरकाठ

अनुष्का, त्या दिवशी मी टीव्हीवर बघत होतो. सगळे हुर्यो करत नाहीत, काही उभे राहून गातातही. जे करतात त्यांचं म्हणणं, ज्या राज्यव्यवस्थेने आमची उतरती कळा मान्य केली आणि आमच्या मेलेल्यांबद्दलचं खोटं सत्तावीस वर्षं पोसलं, तिच्यासाठी आम्ही का गावं? मी स्वतः गप्प उभा राहतो. त्यांना चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मेधाताई, तुमचा प्रतिसाद मूळ लेखातच असायला हवा होता.

लांबून_लाल

आता मी भांडणार आहे, कारण मुद्दा जिव्हाळ्याचा आहे.

मी दुसऱ्या देशात राहतो. चार वर्षं पैसे साठवून एक मॅच बघायला आलो. स्टेडियमबाहेर दोन जण आमच्या घोळक्याकडे बघून 'पर्यटक' म्हणाले, ते अजून लागतं. मला त्या गाण्याचा शब्द न् शब्द येतो. आपला वीस नंबरचा खेळाडू दियोगो जोटा वारला तेव्हा रात्रभर झोप लागली नाही. मॅचच्या विसाव्या मिनिटाला त्याचं गाणं सुरू झालं की घरी एकटाच उभा राहून म्हणतो.

तुमचा क्लब 'शहराचा' म्हणता? १८९२ चा पहिला संघ स्कॉटलंडहून आणलेल्या खेळाडूंनी भरलेला होता, त्याला 'मॅकवाल्यांचा संघ' म्हणायचे. शँकली ग्लेनबक या स्कॉटिश खाणगावचे. डॅल्ग्लिश ग्लासगोचे. सलाह इजिप्तचा. बाहेरच्यांशिवाय हा क्लब होता कधी?

आवाज गेला याचा दोष आमच्यावर टाकू नका. दर आम्ही ठरवत नाही.

बंदरकाठ

लांबून_लाल, जोटाबद्दल वाचून थांबलो. आपण एकाच रात्री जागे होतो.

दोष तुमच्यावर टाकायचा नव्हता, पण तसं वाटलं असेल तर माझी मांडणी चुकली. शँकली बाहेरचे होते, हे तर सगळ्यात चांगलं उदाहरण दिलंत. डिसेंबर १९५९ मध्ये ते आले तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत होता. खाणीत जे शिकले तेच त्यांनी इथे सांगितलं: सगळ्यांनी एकमेकांसाठी राबायचं आणि फळ सगळ्यांनी वाटून घ्यायचं. म्हणून हे शहर त्यांचं झालं. जन्माचा दाखला कोणी मागितला नाही.

म्हणजे प्रश्न इथला की तिथला हा नाहीच. वर्षातून एकदा येणाऱ्यालाही जागा हवी, आणि गल्लीतल्या पोराला दर पंधरवड्याला परवडेल असं तिकीटही हवं. पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांसाठी प्रीमियर लीगने २०१६ मध्ये ३० पौंडांची मर्यादा घातली, आणि देशभरातल्या मैदानांवर जास्त आवाज त्याच कोपऱ्यातून येतो. ती सवलत मालकांच्या दयेने मिळाली नव्हती, सगळ्या क्लबांचे लोक एकत्र येऊन भांडले होते. तसंच घरच्या मैदानावर तरुणांसाठी राखीव, स्वस्त, एकमेकांशेजारच्या जागा मागता येतील. आमच्या समर्थकांची संघटना २००८ पासून आहे, मी या वर्षी सभासद झालो. आधीच व्हायला हवं होतं.

राखीव_खेळाडू

माझा आक्षेप थोडा मागे घेतो, पूर्ण नाही. तिकिटाचा दर हा खेळाचाच भाग आहे, त्याला राजकारण म्हटलं तरी माझी हरकत नाही. टेलर अहवालातली ४ आणि ६ पौंडांची गोष्ट मला ठाऊक नव्हती. ती समर्थकांच्या सभेत मांडा. मालकांना विचारता येईल असा तोच नेमका प्रश्न आहे.

मेधा_आर

मुलाला आणायचं आहे एकदा. कॉपमध्येच. तिकीट सोडतीत लागलं नाही अजून.

बंदरकाठ

मेधाताई, सहकाऱ्याची पुढच्या महिन्यात रात्रपाळी आहे. त्याला विचारून, क्लबच्या नियमात बसत असेल तर ती जागा मुलाला मिळेल असं बघतो. मी त्या दिवशी बाहेर फूड बँकेच्या गाडीपाशी असेन, दुपारी एकपासून. निळी_बाजू, येताय का डबे उतरवायला?

निळी_बाजू

येतो. निळा स्कार्फ घालूनच येईन. मेधाताईंच्या मुलाला सांगा, आत जाण्याआधी आम्हाला भेटून जा.